धरणाऱ्याचं नाव

तमाम रहिवासी, भाडेकरू, पाहुणे मंडळी आणि वॉचमन यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या कर्नलमधील जुनी फाईल-पद्धत, जिच्या एका आकड्यावर उपनगरांतल्या कित्येक इमारतींचे पाण्याचे पंप चालू आणि बंद होत आले, ती दीर्घ आजारानंतर आणि त्याहून दीर्घ चालढकलीनंतर आमच्याच हातून सेवानिवृत्त होत आहे. कृपया फुले आणू नयेत. दोन मिनिटे शांतता पाळावी. चहा नेहमीच्या वेळीच येईल.

हा मजकूर मी स्वतः टाईप केला, काळी चौकट घातली आणि मरोळच्या आमच्या गाळ्यात पाण्याच्या फिल्टरशेजारी चिकटवला. गाळ्यात आम्ही सगळे मिळून अकरा जण. बहुतेकांनी शेवटचं वाक्य तेवढं वाचलं आणि समाधानाने आपापल्या जागी गेले. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "ह्याला किती दिवस लागणार?" टेस्टिंगच्या ताई परत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि समोरची वही उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. माझा विनोद त्या क्षणी जागच्या जागी वारला.

आता आमचा धंदा काय ते सांगते. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी पंपाचे डबे बनवतो. तळातल्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं, गच्चीवरची भरली की थांबायचं, तळात पाणी नसेल तर पंप कोरडा फिरवायचा नाही, एवढी अक्कल असलेला एक डबा भिंतीवर लावायचा. त्याच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, तो कर्नल. वरचे प्रोग्रॅम काय वाटेल ते नखरे करोत, पंपासारख्या खऱ्याखुऱ्या वस्तूला हात लावायचा तर कर्नलमार्फतच. हा कर्नल जगभरची माणसं मिळून लिहितात. आम्ही तो घेतो आणि आमच्या डब्याच्या मापाचा करतो. आमच्याकडे हे काम करणारी माणसं एकूण एक. ती मी.

जुनी पद्धत इतकी सोपी होती की कोणालाही शिकवावी. डब्यातल्या कॉम्प्युटरच्या प्रत्येक पिनेला, म्हणजे तार जोडायच्या टोकाला, एक नंबर. तो नंबर एका फाईलीत लिहिला की त्या पिनेपुरती एक नवी फाईल उघडायची. त्यात एक लिहिलं की रिले, म्हणजे पंपाचा विजेचा खटका, खट्‌ करून लागायचा आणि पंप सुरू. शून्य लिहिलं की बंद. प्रोग्रॅम लिहायची गरज नाही, हाताने टाईप केलं तरी चालतं.

मग खोट कुठे होती? एक लिहून तुम्ही निघून गेलात तरी पंप चालूच राहायचा. कोणी चालू केला, याची नोंद नाही. तो जिवंत आहे की मेला, याची चौकशी नाही. एका इमारतीत आमचा प्रोग्रॅम मधेच कोसळला. पंप मात्र इमानी. गच्चीवरची टाकी भरली, भरून वाहिली, आणि पाणी जिन्याने पायरी-पायरी उतरत तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला थेट पाटाखालून भेटायला गेलं. कर्नल लिहिणाऱ्यांनी ही पद्धत कधीच कालबाह्य ठरवली होती. तरी दरवेळी नवा कर्नल आला की मी सेटिंगमधली एक ओळ गुपचूप चालू ठेवायची. घरातल्या जुन्या मिक्सरसारखं. धक्का दिला की चालतो ना, मग राहू दे.

खरं कारण सांगू? मी ती ओळ ताईंसाठी चालू ठेवत होते.

ताई गाळ्यात माझ्याही आधीपासून. सुरुवातीला डब्यांच्या सर्किट बोर्डांवर सुटे भाग डाख देऊन जोडायच्या, मग डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा टेस्टिंगला आल्या. राहायला घाटकोपरला. माहेर-सासर दोन्ही वाशीमकडचं, पण त्या स्वतः इथल्याच चाळीत वाढलेल्या. कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही. माझ्या खांद्यामागे उभ्या राहून, डबा खात खात, त्या बघून शिकल्या. जे बघितलं ते वहीत लिहिलं, इंग्रजी आज्ञा मराठी अक्षरांत. 'एको एक, बाण, जागा, व्हॅल्यू.' आणि एके दिवशी त्यांनी चौदा ओळींचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. बोर्डावरचे आठही रिले एकेक करून लावायचे आणि तसेच लागलेले सोडून उठायचं. ह्याला त्या 'भिजत घालणं' म्हणतात. बोर्ड तासभर भिजत पडलेला, तोवर ताई दुसरा बोर्ड जोडायच्या. मग येऊन प्रत्येक रिलेवर उलटा हात ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा. जो जास्त गरम, त्याचा सांधा कच्चा. शेवटी बोर्डच्या पाठीवर सही. सहीशिवाय बोर्ड टेबलावरून हलत नाही, मालक आले तरी नाही.

पण सत्यनारायण भिजल्यावर ती ओळ ठेवणं परवडेना, आणि जुनी पद्धत गेली की ताईंच्या चौदा ओळी गेल्या. आणि मालक नेमकी त्याचीच वाट बघत होते. त्यांना टेस्टिंगचं एक आपोआप चालणारं मशीन कोणीतरी दाखवलं होतं. "ताईंना पॅकिंगला घेऊ," ते मला म्हणाले. "बसून काम आहे. खोकी, पट्टी, स्टिकर. त्यांनाच बरं."

"त्यांना विचारलंत?"

"अगं, त्यात विचारायचं काय? तूच तर नोटीस लावलीस ना?"

तर असा मामला. फासाचा दोर मीच वळला होता आणि वर काळी चौकट घालून त्याचा विनोदही मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "ताई, नवी पद्धत शिकवते."

"जमंल का मला?" त्या वही बाहेर न काढताच म्हणाल्या.

मी सुरू झाले. पिनेचा हक्क, मागणी, सुटका. फळ्यावर बाण काढले. मी या विषयावर दोन वेळा कॉलेजात व्याख्यान दिलंय, टाळ्या पडल्यात. ताई माझ्याकडे बँकेतल्या बाईकडे बघावं तसं बघत होत्या. मग त्यांनीच मला थांबवलं.

"थांबा मॅडम. आमच्या चाळीत नळावर आम्ही हंडा ठेवून जायचो. हंडा रांगेत, आपण घरात. ही जुनी पद्धत, बरोबर?"

मी खडू खाली ठेवला.

"कधी कधी काय व्हायचं," त्या म्हणाल्या, "हंडा रांगेत आणि बाई गेलेली गावाला. चार दिवस हंडा तिथंच. कोणाचा ते कोणाला माहीत नाही, आणि हलवायची हिंमत पण कोणाची नाही."

"अगदी हेच, ताई! ह्याचसाठी ती पद्धत काढतोय."

"मग आता नव्यात काय? हंडा नाही चालणार. स्वतः उभं राहायचं?"

"स्वतः. तुम्ही गेलात की नंबर गेला. प्रोग्रॅम संपला की पिन सुटली."

"आणि उभं कोण आहे ते कळायला नको?"

"कळतं. पिन धरताना धरणाऱ्याचं नाव द्यायचं असतं."

"मग बरोबर आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी ड्रॉवर उघडून वही काढली. "हे आधी असं सांगायचं ना. बाण कशाला काढत बसलात?"

आठवडाभरात त्यांनी नव्या चौदा ओळी लिहिल्या. खरं तर सतरा. त्यांचा प्रोग्रॅम आठही पिना धरायचा आणि धरून बसायचा. मधल्या काळात मी माझा प्रोग्रॅम लिहीत होते, डब्यात जायचा तो. मोठा, देखणा, बावीस फाईलींचा. तो दर सहा तासांनी मान टाकायचा. पंप सुटायचा, मी शिव्या घालायचे, परत सुरू करायचे. तिकडे ताईंच्या टेबलावर त्यांचा बोर्ड तीन दिवस आठही पिना धरून उभा. ढिम्म हलला नाही.

आणि पहिल्या खेपेचे तेरा डबे शुक्रवारी पाठवायचे होते.

मग मी काय केलं? जे कोणतीही अनुभवी इंजिनिअर करेल आणि कुठेही कबूल करणार नाही, तेच. ताईंच्या सतरा ओळी जशाच्या तशा उचलल्या, त्यांना टाकीच्या खुणा बघायची अक्कल बाहेरून जोडली, आणि डब्यात भरल्या. वर आणखी एक हौस केली. नव्या पद्धतीत धरणाऱ्याचं नाव कळतं ना, मग ते डब्याच्या छोट्या पडद्यावर दिसू दे, म्हटलं. 'पंप १: चालू. धरणारे:' आणि पुढे नाव. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ताईंचं नाव दिसत होतं. मला त्यात काही खटकलंच नाही. बोर्ड त्यांच्या टेबलावरून आला होता, त्यावर त्यांचं नाव असणारच. डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, असं म्हणतात ते माझ्यासारख्यांविषयीच.

इंजिनिअर तिथे 'पंप-एक' किंवा 'झडप-दोन' असं काहीतरी लिहितात. ताईंनी धरणाऱ्याचं नाव म्हणजे धरणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. कोणत्याही फॉर्मवर लिहावं तसं. शाळेपासूनची सवय, आडनाव आधी, मग स्वतःचं, मग नवऱ्याचं. स्पेलिंग चुकू नये म्हणून आधार कार्ड समोर ठेवून. कर्नल नावासाठी एकतीसच अक्षरं देतो. त्यामुळे आडनाव पूर्ण आलं, ताई पूर्ण आल्या, आणि नवरा अर्ध्यात कापला गेला. ते नाव मी इथे देणार नाही. ज्यांच्या सोसायटीत तो डबा आहे त्यांनी जिन्याखाली जाऊन वाचावं.

पहिला फोन दिंडोशीच्या सोसायटीतून आला, शनिवारी सकाळी. सेक्रेटरींचा. माणूस मूळचा कोकणातला, वडील गिरणीत, स्वतः नोकरीतून निवृत्त, आणि आता सगळा जीव सोसायटीच्या कपाटात. मालकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आमच्या पंपावर एका महिलेचं नाव येतंय," सेक्रेटरी म्हणाले. "सदर महिला आमच्याकडे राहात नाही. मी मेंबरांचं रजिस्टर बघितलं. भाडेकरूंचे पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म बघितले. कामवाल्यांचे पास बघितले. नाही म्हणजे नाही. मग ही बाई पंप धरून बसलीय कुठे?"

"साहेब, काहीतरी टेक्निकल असेल."

"टेक्निकल कसलं? पूर्ण नाव आहे. नवऱ्याचंसुद्धा आहे थोडं. मी काल संध्याकाळपासून डबा बंद ठेवलाय. कोणाच्या ताब्यात आहे ते कळल्याशिवाय पंप चालू करणार नाही. बोर्डावर नोटीस लावलीय, सदर महिलेने रविवारी अकरा वाजता कार्यालयात समक्ष हजर राहावे. आणि तुम्हाला तक्रार पाठवतोय, रजिस्टर पोस्टाने!"

फोन ठेवून मालकांनी मला बोलावलं, मग ताईंना. ताई साडीच्या पदराला हात पुसत आल्या.

"हे तुमचं नाव? तेरा डब्यांत?"

ताई म्हणाल्या, "मॅडमनी नाव द्यायला सांगितलं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. इथे मी बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की, ताईंनी नाव त्यांच्या टेबलावरच्या बोर्डात लिहिलं, ते उचलून तेरा इमारतींत नेऊन लावलं ते मी. मी घसा खाकरला. पाणी प्यायले. ज्या तोंडाला मुलुंड ते मरोळ कोणी बंद करू शकत नाही, ते तोंड अख्खी पाच मिनिटं बंद राहिलं. तेवढ्यात मालकांनी निकाल देऊन टाकला.

"उद्या आपण तिघं दिंडोशीला जाणार. सेक्रेटरीने तक्रार लेखी मागे घेतली तर ठीक. नाही घेतली, तर ताई, सोमवारपासून पॅकिंग. टेस्टिंगला मशीन येईल. मला बाकीच्या बारा सोसायट्यांत हे परवडणार नाही."

ताई मान हलवून गेल्या. मालक फोनला लागले. आणि मी, मागाहून, अगदी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "ते मी केलंय."

"काय?"

"ताईंचा प्रोग्रॅम मी उचलला. माझा पडत होता."

मालकांनी फोन खाली ठेवला. "मग तुला पॅकिंगला बसवू का?" ते म्हणाले. "तुला बसवलं तर कर्नल कोण बघणार? गप जा आता. उद्या अकराला."

म्हणजे चूक माझी आहे हे कळूनही शिक्षेचा पत्ता बदलला नाही. ताईंना मी हे सांगितलं, संध्याकाळी, गेटपाशी. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं की. माझ्या ओळी मी ओळखत नाही का? उलट मला बरं वाटलं, तुमच्या बावीस फाईलींपेक्षा माझं चाललं."

रविवारी आम्ही दोघी रिक्षाने निघालो, मालक स्कूटरवर पुढे. ताईंनी इस्त्रीची निळी साडी नेसली होती, हातात पर्स, पर्समध्ये आधार कार्ड.

"मॅडम, तेराही ठिकाणी माझं नाव आहे?"

"तेराही ठिकाणी. सॉरी ताई. एकेक करून काढते."

"तसं नाही." त्यांनी पर्स मांडीवर सरळ केली. "माझ्या आजीला गावच्या विहिरीत दोर सोडू द्यायचे नाहीत. वरून कोणी ओतलं तर ओतलं, तेही त्याला सवड असली तर. ती सांगायची आम्हाला. आणि इथं तेरा बिल्डिंगींचं पाणी..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण त्यांना हसू यायला लागलं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मीही हसले, पण माझ्या हसण्यात शरम जास्त होती. त्या तेरांतल्या किती सोसायट्यांत ताई भाड्याने घर बघायला गेल्या असत्या तर आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणाले असते, याचा हिशेब मी मनात सुरू केला आणि मधेच सोडून दिला. माझ्या स्वतःच्या मुलुंडच्या सोसायटीचं उत्तर मला माहीत होतं.

सोसायटीच्या बोर्डावर नोटीस होतीच, शिक्क्यासह. खाली सेक्रेटरी, कमिटीचे दोन मेंबर आणि पाणी नसल्यामुळे बिनआंघोळीचे असे पंधरा-वीस रहिवासी. सेक्रेटरींनी आमच्याकडे न बघताच मोठ्याने नाव वाचलं. आडनावानंतर ते किंचित थांबले. अर्धा श्वास असतो तो. ज्यांच्या आडनावानंतर तो घेतला जातो त्यांना तो बरोबर ऐकू येतो. मग पुढचं नाव वाचून त्यांनी विचारलं, "हजर आहेत का?"

"हजर," ताई म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

असं नाट्य मी पैसे देऊनही पाहिलेलं नाही. सेक्रेटरी धरूनच चालले होते की कोणी येणारच नाही. समोर जिवंत बाई, हातात आधार कार्ड. त्यांनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, फोटो पाहिला, ताईंना पाहिलं.

"तुम्ही... पंप धरता?"

"हो."

"कुठून?"

"मरोळहून," ताई म्हणाल्या, अगदी खरं तेच.

मालकांनी डोक्याला हात लावला. मी मधे पडले आणि कर्नलपासून सगळं समजवायला घेतलं. सांगितलं की चूक माझी आहे, यांची नाही. एक काका म्हणाले, "ते राहू दे हो, आधी पाणी चालू करा." म्हणून आम्ही वरात घेऊन पंपाच्या खोलीत गेलो. मी डबा चालू केला. खट्‌. पंप घुरघुरला, पाईप थरथरला, कोरड्या टाकीत चढेल तेवढं पाणी लगेच नळांना उतरू लागलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"आलं बघा परत!" सेक्रेटरी एकदा पडद्याकडे आणि एकदा ताईंकडे बघत म्हणाले. "आधी ते नाव काढा. आमच्या पंपावर आमच्याबाहेरचं नाव नको."

"काढ, काढ," मालक मला म्हणाले.

मी ताईंकडे पाहिलं. त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "पंप तुमचा, मर्जी तुमची. पण मी धरलाय तो नीट धरलाय, साहेब. ह्या बोर्डाच्या पाठीवर माझी सही आहे, उघडून बघा. तासभर हात लावून तपासलाय."

"ते असेल. पण नाव काढा."

आता, नाव काढायचं म्हणजे नाव देणारा प्रोग्रॅम थांबवायचा. आणि प्रोग्रॅम थांबवायचा म्हणजे धरणारी गेली. मी हे सांगितलं. नक्की सांगितलं, माझ्या बाजूने दोन साक्षीदार आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "थांबवा." मी थांबवला.

खट्‌. पंप गप्प. पाईप गप्प. पडदा कोरा.

जिन्यातून, सातव्या मजल्यावरून, एका आजींचा आवाज थेट खाली आला: "अरे मेल्यांनो! पाणी खंय गेला? माज्या डोक्याक साबण हा!"

खोलीतल्या सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. हळू आवाजात कोणीतरी म्हणालं, "काका, तुमच्याच आई ना त्या?"

"लावा," सेक्रेटरी म्हणाले.

"नाव नको ना?" मी विचारलं. हा दुष्टपणा होता. मान्य आहे.

"अहो लावा, लावा! नावासकट लावा!"

वरून पुन्हा: "डोळ्यात जाता रे माज्या!"

मी सुरू केला. खट्‌. ताईंचं नाव, आडनावापासून अर्ध्या नवऱ्यापर्यंत, पडद्यावर येऊन उभं राहिलं. पंप चालला. वरून शिव्यांच्या जागी बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला. ताई पुढे झाल्या, डब्याचं झाकण उघडून त्यांनी मोठ्या रिलेवर उलटा हात ठेवला आणि म्हणाल्या, "थंड आहे. छान आहे."

सेक्रेटरी त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनीही पुढे होऊन, चोरून, शेजारच्या रिलेवर आपला उलटा हात ठेवला. "हा जरा कोमट वाटतो," ते म्हणाले.

"तो तसाच असतो. त्याच्यावर बोअरिंगचं पाणी आहे, त्याला काम जास्त."

"अस्सं."

मी सांगितलं की पुढच्या दुरुस्तीत मी तिथे साधं 'पंप-एक' घालू शकते, पंप न थांबवता, रीतसर. त्यांना हवं तर. ताईंना हवं तर. ताई म्हणाल्या, "मला राहिलं तरी चालंल."

मग कार्यालयात जाऊन सेक्रेटरींनी लेटरहेड काढलं. तक्रार मागे घेत असल्याचं पत्र, मराठीत, शुद्ध. 'सदर महिलेने समक्ष उपस्थित राहून आपली ओळख पटवली असून, पंप योग्य हाती असल्याची कमिटीची खात्री झाली आहे.' नावाशी आल्यावर ते थांबले. या वेळी श्वास घ्यायला नव्हे.

"यजमानांचं नाव पडद्यावर अर्धंच येतं. पुढे काय?"

ताईंनी सांगितलं. त्यांनी पूर्ण लिहिलं, पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं, ताईंनी मान हलवल्यावर शिक्का मारला. मालकांनी पत्र घेतलं, दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"सोमवारी वेळेवर या," ते ताईंना म्हणाले. "टेस्टिंगला. आणि हिला तुमचा तो प्रोग्रॅम नीट समजावून सांगा जरा. बाण न काढता."

आम्ही गेटपर्यंत आलो, रिक्षासुद्धा थांबवली. इतक्यात मागून चपलांचा आवाज आला. सेक्रेटरी धावत येत होते, हातात पेन, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. वीस माणसांसमोर, रिक्षावाल्यासमोर, माझ्या सगळ्या बाणांवर आणि व्याख्यानांवर बोळा फिरवत ते ताईंना म्हणाले, "अहो बाई, एक राहिलंच! तुम्ही रजेवर गेलात तर पंप कोण धरणार?"